गंजीतले घोडे

"एकच अर्थ सांगा. जनावर की बंदूक?" अमीनसाहेबांनी मला विचारलं. अमीन म्हणजे तेव्हाचा पोलीस ठाण्याचा अधिकारी. मी तालुक्याच्या मुन्सिफ कोर्टात मुतर्जिम होतो. मराठी जबाब उर्दूत करायचे, हे माझं काम. निजामी राज्याचं शेवटचं वर्ष होतं आणि जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघत होता.

आरोपी किसन सुतार हसनाबादकडच्या एका खेड्यातला. लेकीच्या गावी निघताना तो भावाला म्हणाला होता, "घोडे गंजीत लपवून ठेव, कोणाला सांगू नको." हे कोणीतरी ऐकून ठाण्यावर खबर दिली. किसन वाटेतच पकडला गेला.

मी अर्थ लिहून दिले. घोडा म्हणजे जनावर. बंदुकीचा चाप. बुद्धिबळातली सोंगटी. आणि सुताराचा लाकडी आधार. तिरके पाय, वर आडवं लाकूड. असे दोन ठेवून त्यांवर फळी कापायची.

"हा शतरंज खेळतो वाटतं," अमीनसाहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, सुताराचं लाकूड कडब्याच्या गंजीत लपवतं कोण? मी किसनकडे बघितलं.

उत्तर त्याने दिलं. "दिसले की लोक नेतेत, साहेब. लगनाला, पंगतीला. नेले की परत येत न्हाईत. मंग मी लाकूड कापू कशावर?"

पोलिसांनी गंजी उसकटली. आत काही नव्हतं. भावाला विचारलं, तर तो खाली बघत राहिला. माल हलवला, असा रिपोर्ट झाला. मलाही तेच वाटलं. किसनला औरंगाबादच्या तुरुंगात पाठवायचं ठरत होतं. त्या दिवसांत असा गेलेला माणूस कधी परत येईल, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

आमचे न्यायाधीश मुन्सिफसाहेब सावध माणूस. सही करण्याआधी जागा बघतो, म्हणाले. आम्ही गेलो. किसनला बेड्या घालून बरोबर आणलं होतं.

गावात पंच म्हणून कोणी पुढे येईना. दारं लोटलेली. घोडे मागून नेतात का, असं विचारलं की प्रत्येक जण, आपण कधीच नेले नाहीत, असं सांगायचा. हे जरा जास्तच एकसुरी वाटलं, पण भीतीनेही माणसं तशीच बोलतात. शेवटी पाटलांनी आपल्या अंगणात बसवलं. उंच बैठकीवर सतरंजी अंथरलेली होती, चहा आला. अमीनसाहेब जबाब सांगू लागले, मी लिहू लागलो.

किसन समोर उभा होता. तो आमच्या पायांकडे बघत होता. मग तो हळूच म्हणाला,

"साहेब, तुमी त्याच्यावरच बसून राह्यले."

मी उर्दू करायच्या आधीच मुन्सिफसाहेब उठले. अमीनसाहेब बसूनच होते. मग मुन्सिफसाहेबांनी स्वतः सतरंजीचं टोक उचललं. खाली फळ्या होत्या. फळ्यांखाली दोन घोडे.

पाटील हसले. लेकीच्या साखरपुड्याला बैठक कमी पडत होती, म्हणाले. किसनला नेलं त्याच दिवशी आणले. "त्यो नसताना पडूनच होते की." भावाने पाटलांचं नाव का घेतलं नाही, ते आता कळलं. त्याला त्याच गावात राहायचं होतं.

"गंजीत आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मुन्सिफसाहेबांनी विचारलं.

"गावात कळतंच, साहेब."

मुन्सिफसाहेबांनी अमीनसाहेबांकडे वळून खबर देणाऱ्याचं नाव विचारलं. ते सांगता येत नाही, असं उत्तर आलं. कायद्याने ते बरोबर होतं.

बेड्या तिथेच निघाल्या. किसनने घोडे मागितले. पाटील म्हणाले, "पाहुणे उठू दे की." मुन्सिफसाहेब उभेच राहिले, तेव्हा गड्याने फळ्या काढल्या. एक घोडा किसनने खांद्यावर घेतला, दुसरा भावाने. किसन मागे न बघता पुढे चालू लागला.

पुराव्याअभावी सुटका, एवढंच मिसलीत, म्हणजे खटल्याच्या कागदांत, लिहिलं गेलं. पाटलांचं नाव कुठेच आलं नाही. त्यानंतर भाषांतराला शब्द आला की मी आधी बोलणाऱ्याचा धंदा विचारत असे. खबर कोणाची, हे मात्र मला कधीच विचारता आलं नाही. ते मुतर्जिमचं काम नव्हतं.