घामपट्टीचा जोड

जर्मनीतल्या बाम्बर्गच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात माझं बिल्ल्यांचं टेबल आणि शेजारी विन्फ्रीडचं. तो विकायचा काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या टोप्या खऱ्या की बनावट, एवढंच सांगायचा. टोपीवरचं नाझी चिन्ह उघडं दाखवायला कायद्यानं बंदी, म्हणून त्यावर कागद चिकटवलेला असे. तिकडे तो ढुंकूनही पाहत नसे. आधी आतला वास, मग कपाळाला लागणारी चामड्याची घामपट्टी उलटून तिचे टाके, शेवटी जांभळा दिवा. नवा दोरा त्या उजेडात पांढराफट्ट चमकतो. "ही तुमच्यापेक्षा तरुण आहे," असं म्हणून टोपी परत करायचा. तो खरी म्हणाला की लोक ती डोळे मिटून विकत घ्यायचे. त्या शब्दाखेरीज त्याच्यापाशी दुसरं होतं काय!

त्याचा मेहुणा एकार्ट चार टेबलं पलीकडे टोप्या विकायचा. मला तो माणूस कधीच आवडला नाही, पण माझं ऐकतो कोण? दर रविवारी तो बहिणीकडे, म्हणजे विन्फ्रीडच्याच घरी, कॉफीला हजर. विन्फ्रीडची बायको रोझविटा आलुबुखाऱ्याचा केक करायची आणि विन्फ्रीड टोप्यांच्या खाणाखुणा सांगत बसायचा.

त्या वसंतात एका शाळामास्तरांनी टोपी आणली. गावातल्याच, कधीच बंद पडलेल्या कारखान्याची. वास जुना, दोरा जुना. विन्फ्रीडनं पट्टी उलटली आणि त्याचा चेहरा उतरला. पट्टीचा जोड डाव्या कानावर होता. त्या कारखान्याच्या टोप्यांत जोड नेहमी मागे असायचा. डाव्या कानावर असतो, असं जगात एकट्या विन्फ्रीडला वाटलं होतं, तेही एका दुरुस्त केलेल्या टोपीवरून. घरच्या टेबलावर त्यानं ते थाटात सांगितलं, आणि पुढे चूक कळल्यावर लाजेनं गप्प बसला. बाहेर कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

तो टोपी घेऊन तडक एकार्टकडे गेला. मीही मागोमाग.

"मी खऱ्या म्हटलेल्यांत तुझ्या बनावट किती?"

"मोजतंय कोण, दाजी? रागावता कशाला? तुमच्याच विद्येचं चीज केलं."

"नालायका! आणि तुला सुई धरता कधीपासून यायला लागली रे?"

एकार्टचं हसू मावळलं. तो टेबलावरची टोपी उगाच सरळ करू लागला.

"मला कुठली येते," तो म्हणाला. "ताई शिवते."

विन्फ्रीड परत आला. "खोटी आहे," त्यानं मास्तरांना सांगितलं. "माझ्या भरवशावर आधी घेतलेल्याही कुणाकुणाच्या खोट्या निघतील. सगळ्यांना सांगा." मग आपल्या टेबलामागे येऊन बसला. मी कॉफी पुढे केली, ती त्यानं घेतली नाही.

"एकार्टला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो," तो म्हणाला. "पण मी बोलायला लागलो की रोझविटा किती मन लावून ऐकायची रे! हातातलं काम बाजूला ठेवून. मला वाटायचं, या वयातही हिला माझं बोलणं आवडतं."