हेमराजसेठचं हौ

आम्रपालीसारखी डूख धरणारी बाई मी अख्ख्या बालाघाटात दुसरी पाहिली नाही. आणि तिनं डूख धरला तो एका शब्दापायी. हौ.

ती भरवेलीची, बाप खाणीत. आमच्या चार खुर्च्यांच्या कंपनीत ती सॉफ्टवेअर लिहिते, मी ते तपासते. हेमराजसेठच्या राईस मिलसाठी धानाच्या वजनाची पावती काढणारं सॉफ्टवेअर करायचं होतं. दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, झालेलं काम सेठला दाखवायचं आणि त्याचं ऐकून पुढचं ठरवायचं. आम्रपाली विचारायची, "सेठ, असंच पाह्यजे ना?"

"हौ, हौ."

पुढच्या खेपेला तोच सेठ डोळे वटारायचा. "हे कोनं सांगतलं तुले?"

हौ म्हणजे होकार, असं तिनं धरलं ही तिची चूक. सेठचं हौ म्हणजे नुसतं 'ऐकू आलं'. पण खापर फुटलं तिच्या डोक्यावर. एकदा चार गिरणीवाल्यांसमोर तो म्हणाला, "ह्या पोरीले काही समजतच नाही." आमचा मालक लोकेश यानं सेठचीच री ओढली. वर तिला म्हणाला, आणखी एक तक्रार आली तर काम शेजारच्या खुर्चीतल्या पियुषला देईन. सात महिने राबून तिनं उभं केलेलं काम! माझं तर टाळकंच सरकलं. ती मात्र रडली नाही.

"त्याचा शब्द त्याच्याच घशात घालीन," एवढंच म्हणाली.

तिनं भिंतीवर कार्डं लावली. प्रत्येक कार्डावर सेठची एक मागणी. नियम एकच: नवं कार्ड लावायचं तर एक जुनं बाहेर, आणि ते सेठनं आपल्या हातानं काढून त्यावर सही करायची. सेठला हा खेळ आवडला. शेवटच्या शुक्रवारी त्याला पावतीवर स्वतःचा रंगीत फोटो हवासा झाला. त्यानं 'चुकलेली पावती दुरुस्त करणे' हे कार्ड उपटलं.

"आमच्या इथं चुका होतच नाही," तो म्हणाला.

एरवी ती तासभर भांडली असती. त्या दिवशी एकदाच बोलली, "सेठ, हे लागन तुम्हाले."

"हौ, हौ," म्हणत सेठनं सही ठोकली.

सॉफ्टवेअरच्या उद्घाटनाला मिलमध्ये तेच चार गिरणीवाले आले. पहिली पावती सेठनं स्वतः काढली आणि चाळीस क्विंटलच्या जागी चारशे टाकले. फोटो झकास उमटला. दुरुस्तीचं बटन काही सापडेना. गिरणीवाले फिदीफिदी हसायला लागले.

"बटन काहून नाही इथं?" सेठ ओरडला.

आम्रपालीनं पर्समधून कार्ड काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग सही दाखवली. लोकेश जमिनीकडे बघत होता. खोटं कशाला बोलू, मला पेढे वाटावेसे वाटले.

सेठचा आवाज उतरला. "बाई, उद्यापर्यंत करून देशील ना?"

"हौ, हौ," आम्रपाली म्हणाली, आणि स्कूटी काढून भरवेलीला निघून गेली.