पेपरात बांधलेले चार धपाटे

यादी मंगळवारी दुपारी मोबाइलवर आली आणि वाचता वाचताच माझं डोकं सणकलं. शाळा नववीच्या मुलांना किनवटकडच्या डोंगरात नेणार होती. शनिवारी सकाळी निघायचं, पायी चढायचं, रात्र वर तंबूत काढायची आणि रविवारी संध्याकाळी परत. माझी मुलगी पंधराची. मामाचं घर सोडलं तर आजवर कुठे एक रात्र माझ्याशिवाय राहिलेली नाही. तरी मी काही बोलले नव्हते, परवानगीच्या कागदावर मुकाट सही केली होती. पण ही यादी! डोक्याला बांधायची बॅटरी. घोट्यापर्यंतचे बूट. लवकर वाळणारी पँट. आमच्या नांदेडात गच्चीवर टाकलेली गोधडी दुपारपर्यंत कडकडीत वाळते, इथे कुणाला हवी लवकर वाळणारी पँट? यादी करणाऱ्याने आयुष्यात कधी गोदावरी ओलांडली नसावी, असं मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो अर्धापूरच्या शाळेत शिकवतो. तासावर होता. "बरं बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याहून भयंकर म्हणजे खाण्याचा भाग. घरचे पदार्थ खराब होण्याची शक्यता असते, म्हणून शक्यतो पाकीटबंद खाऊ आणावा, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे आमच्या हातचं नासतं, आणि कारखान्यातून सहा महिन्यांपूर्वी निघालेलं टिकतं! माझे वडील उदगीरच्या अडतीवर होते. धान्याच्या ट्रकबरोबर तीन-तीन दिवस जायचे आणि बरोबर असायच्या आईने दिलेल्या दशम्या. पीठ पाण्यात नाही, दुधात भिजवायचं, पाण्याचा हातसुद्धा लावायचा नाही, की तिसऱ्या दिवशीही दशमी तशीच मऊ. हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही. आणि आता यादी मला सांगणार की बिस्किटं न्या.

शेवटच्या दोन ओळी मात्र नीट ध्यानात ठेवायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच झालं. पहिली अशी की बॅग सहा किलोच्या वर नसावी, तिचं फाटकात वजन होईल, आणि जो स्वतःची बॅग स्वतः नेणार नाही तो वर न जाता खाली गाडीजवळ थांबेल. दुसरी ओळ अशी की प्रत्येकाने एक कोरडा पदार्थ स्वतः, घरच्यांच्या मदतीशिवाय करून आणावा. संध्याकाळी तो सगळ्यांनी मिळून खायचा आहे.

ही दुसरी ओळ वाचून मी हसले. शाळेची असली वाक्यं मी पहिलीपासून वाचत आले आहे. विष्णुपुरीच्या धरणाचं थर्माकोलचं मॉडेल मीच दोन दिवस बसून केलं होतं. पोरीने त्यात फक्त निळा रंग दिला, तोही अर्धा फरशीवर सांडला. मॉडेलवर नाव तिचं, पहिला नंबर तिचा. शाळेला ठाऊक असतं, आईला ठाऊक असतं, कुणी काही बोलत नाही.

"आई, धपाटे मीच करणार हां," ती म्हणाली.

"हाव, कर की," मी म्हणाले. मनात म्हटलं, करीन मी, नेशील तू.

बुधवारी आम्ही वजिराबादेत गेलो. नवी बॅग घ्यायचा माझा विचार नव्हता, शाळेचीच दणकट होती. तिथल्या एका गल्लीत बॅगा शिवणारे चाचा बसतात, त्यांच्या वडिलांचंही दुकान तिथेच होतं. छातीवरून बांधायचा पट्टा लावून द्या म्हटलं. मी माप सांगायला लागले तर ते माझ्याकडे बघेचनात. त्यांनी बॅगेत दुकानातले कापडाचे गठ्ठे भरले, पोरीच्या पाठीवर चढवली आणि तिला म्हणाले, "चल बेटा, त्या चौकापर्यंत जाऊन ये."

ती गेली आणि परत आली.

"कुठं टोचतंय?"

"इथं," तिने खांदा दाखवला.

"तिलाच विचारा ना, ताई," ते मला म्हणाले. "वजन तिला उचलायचंय. तुम्ही खामखा बेजार होऊन राहिल्या."

मला ते आवडलं नाही. मी काय परकी होते? पण पट्टा त्यांनी फार चांगला लावून दिला, म्हणून पैसे दिले आणि निघाले.

शुक्रवारी दुपारपासून माझं स्वयंपाकघर पेटलं होतं. आमच्याकडे बाहेर जाणाऱ्याला एकट्यापुरतं कधी बांधून देत नाहीत. डबा चार लोकांत उघडला की तो चारही लोकांना पुरला पाहिजे, नाहीतर देणारीची शोभा. मुलं तीस, म्हणून दशम्या किमान तीस. वर शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, दाण्याचे लाडू. सासूबाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "पोरगी रानात चाललीय, लई भूक लागत असती तिथं," म्हणाल्या आणि बरणीच बॅगेजवळ ठेवली. नवरा अर्धापूरहून येताना केळीची अख्खी फणी घेऊन आला. मी त्याच्यावर उखडले. केळी डोंगरावर जाईपर्यंत काळी पडतील, एवढं ज्याला कळत नाही तो मुलांना काय शिकवतो?

"आणि तुझ्या तीस दशम्या?" तो म्हणाला.

"दशम्या काळ्या पडत नाहीत," मी म्हणाले.

या सगळ्या गडबडीत, चारच्या सुमाराला, पोरगी परात घेऊन शेगडीजवळ उभी राहिली. मला बाहेर जायला सांगितलं. माझ्याच स्वयंपाकघरातून! मी दारात उभी राहून बघत होते. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, मिरची, तीळ, सगळं तिने घेतलं, पण कांदा भज्यांसाठी चिरतात तसा जाडा. ओल्या फडक्यावर धपाटा थापताना बोटं चिकटायला लागली तशी मी म्हणाले, "पाण्याचा हात घे." ती म्हणाली, "आई, मदत न्हाई म्हणून लिहिलंय." पहिला तव्यावर पडताना दुमडला. दुसरा एका बाजूने जळला. तासाभरात तिने चार केले, पेपरात बांधले आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवले. चेहरा असा की तिने घरच बांधलंय. मग मी आत गेले आणि माझे वीस धपाटे भराभर लाटून... नाही, लाटून नाही, थापून काढले. लाटते म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो.

शनिवारी पहाटे ती अंघोळीला गेली तेव्हा मी बॅग शेवटची लावायला बसले. बाहेरचा कप्पा उघडला तर ते पेपरातलं पुडकं. उघडून बघितलं. चारही जाड, कडा चिरलेल्या, एकाला पेपरची शाई लागलेली. डोळ्यांसमोर आलं की हे सगळ्यांसमोर उघडणार, आणि ज्या बायकांशी मी पालकसभेत बसते त्यांची पोरं घरी जाऊन सांगणार, हिच्या आईने असले धपाटे दिले. मी पुडकं काढून फडताळात ठेवलं आणि त्या जागी माझ्या धपाट्यांचा स्टीलचा डबा बसवला. पातळ, गोल, खरपूस. ती बाहेर आली तेव्हा चेन लावलेली होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

फाटकात ते सर उभे होते, डोंगरावर नेणारे, लवकर वाळणाऱ्या पँटमध्ये. हातात धरायचा वजनकाटा होता. एकेक बॅग आकड्याला अडकवून बघत होते. माझ्या पोरीची बॅग साडेआठ किलो भरली.

"अडीच किलो कमी करा," सर म्हणाले. "नाहीतर हिला खाली थांबावं लागेल."

"त्यात खाणं आहे," मी म्हणाले. "तुमच्यासकट सगळ्यांना पुरेल एवढं. तुम्ही पोरांना डोंगरावर पाकिटं खायला घालणार, आणि घरचं अन्न तुम्हाला जड होतं?"

"मला नाही हो, तिला जड होईल," ते म्हणाले.

इतका शांत माणूस मी बघितला नव्हता. त्याने माझा पारा आणखीच चढला. मागे रांग खोळंबली होती, पण मी हटायला तयार नव्हते. तेवढ्यात पोरगी जमिनीवर बसली आणि बॅग उघडून एकेक काढायला लागली. दशम्यांचं गाठोडं, चटण्या, लाडू, कपड्यांत लपवलेली लोणच्याची बरणी. मागची मुलं बघत होती. तिचे कान लाल झाले होते. सगळ्यात शेवटी तिने बाहेरचा कप्पा उघडला, आत हात घातला, आणि हात तिथेच राहिला.

"माझं पुडकं?" तिने हळू विचारलं.

"ते घरी राहिलं. हे घे की, हे चांगले आहेत. तूच केलेस म्हणून सांग."

तिने डबा बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला.

"हे मी केलेले न्हाईत," ती म्हणाली.

बॅग परत काट्याला लागली. साडेपाच किलो. तिने ती पाठीवर घेतली, चाचांनी लावलेला पट्टा छातीवर बांधला आणि गाडीत चढली. खिडकीशी बसली नाही.

घरी येईपर्यंत मी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून सरांचा उद्धार केला. घरी आल्यावर सासूबाईंपाशी केला. शेजारीण आली, तिच्यापाशीही केला. पोरीला उपाशी नेलं म्हणाले. दोन दिवस आमच्या घरी दशम्याच दशम्या होत्या, गल्लीत वाटल्या तरी संपेनात. शनिवारी दुपारी सगळे जेवून उठल्यावर मी फडताळातलं पुडकं काढलं. फेकवेना. खायला बसले. मीठ जास्त होतं. मध्ये कच्चट लागत होतं. कांद्याचे तुकडे दाताखाली येत होते. चौथ्याच्या कडेला तिच्या बोटांचे ठसे तव्यावर भाजून पक्के झाले होते. मी चारही खाल्ले, आणि खातानाही राग मला सरांचाच येत होता.

रविवारी संध्याकाळी ती गाडीतून उतरली. अंगभर धूळ, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, चाल मात्र ताठ. नवऱ्याने बॅग घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "मी आणते." घरी वरणभात वाढला, दोनदा मागून घेतला. चढण किती होती, थंडी किती वाजली, तंबूच्या दोऱ्या कशा बांधतात, सगळं सांगत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, विसरली.

"आणि खाल्लं काय गं?" मी विचारलं.

तिने सांगितलं. संध्याकाळी सगळे गोल बसले. ज्याने त्याने आपण केलेलं मध्ये ठेवलं. कुणाचा चिवडा करपलेला, कुणाच्या शंकरपाळ्या दगडासारख्या, एकाने नुसतेच शेंगदाणे भाजून आणलेले. ज्याचं त्याने उभं राहून सांगायचं, कसं केलं, काय चुकलं. लई हसले म्हणे सगळे.

"मग तू?"

"मी म्हणलं, घरी विसरले. सर म्हणाले, चालतंय, मग तू सगळ्यांना वाढ. मी वाढलं."

म्हणजे एकोणतीस पोरांच्या हातचं तिने वाढलं आणि खाल्लं, आणि तिच्या हातचं कुणी खाल्लं नाही.

"पण खोटं कशाला बोललीस?" मी चिडले. अजूनही मला चिडताच येत होतं.

"मग काय सांगू? आईनं काढून घेतले म्हणू?" ती म्हणाली. "लोक तुला हसले असते."

सासूबाई उठून आत गेल्या.

"कुठंयत ते?" तिने विचारलं.

"खाल्ले मी."

"चारही?"

"चारही. थोडे खारट होते. पण चांगले होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं म्हणून.

"चांगले होते तर काढलेस कशाला?"

त्या आठवड्यात यादीला, सरांना, नवऱ्याला, बॅगवाल्या चाचांना, सगळ्यांना देण्यासाठी माझ्याकडे उत्तरं होती. तिने ताट उचलून मोरीत ठेवलं आणि जमिनीवर बसून बॅग रिकामी करायला लागली. सवयीने माझा हात पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.