शब्द सोलणारे सर

"पाठ करू नका. सोला."

मटाराची शेंग अंगठ्याने फोडायची, दाणे ताटात टाकायचे आणि समोरच्या पोरांना हे ऐकवायचं, ही त्याची रीत. "शब्दाच्या आत दाणा असतो. तो सापडला की दहा शब्द आपोआप कळतात."

करोल बागेच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ. जेवायला येतात ती कलेक्टर व्हायला महाराष्ट्रातून दिल्लीत आलेली पोरं. इंग्रजीचं नाव काढलं की सगळ्यांच्या माना ताटात. मुख्य परीक्षेत इंग्रजीचा एक पेपर असतो. त्याचे मार्क धरत नाहीत, पण त्यात नापास झालात तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत. आहे की नाही गंमत! हा परभणीकडचा मुलगा दुपारची जेवणं उरकली की माझ्याच टेबलांवर त्यांची शिकवणी घ्यायचा. मुलगा म्हणते मी, पण पस्तिशीचा होता. पोरं त्याला सर म्हणायची.

"स्पेक्ट म्हणजे पाहणं. लॅटिन मूळ आहे. इन्स्पेक्टर आत डोकावून पाहतो. रिस्पेक्ट म्हणजे वळून पाहणं. आणि सस्पेक्ट म्हणजे भुवईखालून पाहणं. मी पाचवी पोळी मागितली की काकू पाहतात ना, तसं."

पोरं खिदळली. मी तव्यापासूनच ओरडले, "अरे, मग स्पेक्टॅकल्स म्हणजे माझा चष्मा!"

माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! टाळी द्यायला थेट स्वयंपाकघरात आला.

तुम्ही म्हणाल, एवढं येत होतं तर स्वतः का नाही झाला साहेब? मीही एकदा विचारलं. तर म्हणाला, पूर्वपरीक्षा पास झाला तेव्हा गावात त्याची मिरवणूक निघाली होती. पूर्व म्हणजे नुसता उंबरठा, पण गावात हे कोण कुणाला सांगणार? गुलाल, ताशे, चौकात हा एवढा मोठा फ्लेक्स, 'भावी कलेक्टर'. आणि मुख्य परीक्षेत गडी नेमका इंग्रजीत आपटला. बाकीचे पेपर कुणी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. मग ईर्ष्येने इंग्रजीच्या मागे लागला, पार मुळापर्यंत गेला. तोवर पुढच्या खेपांना पूर्वच निघेना. परीक्षेला बसायचं वय सरलं. त्यालाही तीन वर्षं होऊन गेली होती, आणि घरी पत्ता नव्हता.

वडिलांचा फोन आला की तो ताटावरून उठायचा. "हो बाबा. यंदा नक्की."

एकदा माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत रे, म्हाताऱ्याला फसवतोस?"

"वाटते ना, काकू. पण जाऊ कसा? गावात अजून मला साहेब म्हणतात. इथे आहे तोवर निदान अभ्यास करतोय असं तरी म्हणता येतं." मग लगेच हसून, "चलो, पोळी वाढा."

मी राग गिळला आणि पोळी वाढली.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी त्याचे वडील न कळवता आले. पत्ता विचारत विचारत थेट खानावळीत. हा दाराकडे पाठ करून शिकवत होता. मी हाक मारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन तासभर ऐकत बसले. कळत काही नव्हतं, पण पोरं भराभरा वहीत लिहून घेत होती, ते बघत होते.

मग हळूच मला म्हणाले, "त्याचं वय सरलंय, ताई. मला ठावं हाय."

माझं लाटणं हातातच राहिलं. "मग बोलत का नाही तुम्ही?"

"ती मिरवणूक मीच काढली होती. तो नको नको म्हणत होता, मीच धरून घोड्यावर बसवला. आता कोणत्या तोंडानं सांगू, ये बाबा घरी म्हणून?"

शिकवणी संपली. वडिलांना पाहिल्यावर त्याचा चेहरा खाड्कन उतरला. वाकून पाया पडला.

"अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय, बाबा. यंदा नक्की."

"हुईल. घाई नको करू."

दोघांचं खरं मला ठाऊक. मी एक वाक्य बोलले असते की झालं असतं. पण नाही बोलले. खरं सांगते, भीती वाटली. बापलेक माझ्यासमोर कोसळले तर सावरायचं कुणाला? दोघांना जेवायला वाढलं. संध्याकाळी म्हातारा परत गेला. जाताना माझा नंबर मात्र लिहून घेतला.

उन्हाळ्यात त्याने खोली सोडली. नोएडाला एका कंपनीत इंग्रजीचे प्रश्न तयार करतो म्हणे.

"घरी सांगितलंस?"

"सांगेन, काकू. कुणी विचारलं तर इथेच आहे म्हणा."

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं, बॅग उचलली आणि मेट्रोकडे चालू लागला. पोरं अजून येतात, जेवतात आणि ताटाशेजारी मोबाईल ठेवून शब्द पाठ करतात.

आता त्याच्या वडिलांचा फोन मला येतो.

"ताई, जेवला का तो?"

"जेवला, भाऊ."

"अभ्यास करतोय नव्हं?"

"हो, आत्ताच बसलाय."

"बरं, बरं," म्हणतात. पण फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.