अर्ध्या कानाची मेंढी

सोपान पलटणीत निघाला त्या दिवशी फर्दापूरच्या फाट्यावर मी एकटाच गेलो त्याला सोडायला. आई घरीच थांबली. आमच्यात आई फाट्यापर्यंत जात नाय, तिचं काम घरीच उरकलेलं असतं. सकाळी तिनं कळपातली एक तरणी मेंढी धरून आणायला लावली. मी पाय आवळून धरले आणि तिनं लोकर कातरायच्या कातरीनं मेंढीचा डावा कान अर्धा उडवला. जखमेवर हळद दाबली. त्याच हळदीच्या बोटानं सोपानच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, कपाळाला टिळा लावला आणि म्हणाली, "ही तुझी. आता जा."

वाडीवरच्या मंडळींनो, तुम्हाला हे सांगायची गरज नाय. पण तुमच्यातले निम्मे आता वाळूजला, निम्मे पुण्याला. तुमच्या पोरांना मेंढी म्हणजे मटण एवढंच ठाऊक. त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरातला गडी फौजेत गेला की त्याच्या नावानं एक मेंढी राखायची. ती व्याली की तिच्या कोकरांच्या कानाला तीच खूण करायची. गडी तिकडं बंदूक धरून उभा, इकडं त्याची मेंढरं वाढत राहायची. परत आला की ती त्याची. आई म्हणायची, "माणसाला परत यायला कायतरी लागतं. नुस्ती आठवण पुरत नाय."

पणजोबा निजामाच्या फौजेत होता. त्याची खूण म्हणजे कानाला साधी चीर. आजोबा पुढं आपल्या सरकारच्या पलटणीत गेला, त्याचं टोक छाटलेलं. बापाची खालची कड. सोपानची पाळी आली तवर या जुन्या खुणांशी घोळ होऊ नये म्हणून अर्धा कानच कापावा लागला. माझी खूण नाय. भरतीत माझी छाती दोन बोटं कमी भरली. आता सगळ्यांची मेंढरं राखायला एक बिनखुणेचा माणूस लागतोच की!

आजोबा लढाईवर गेला तो आलाच नाय. तो मेल्याचं कळवलं, पण मयत काय आली नाय. आजीनं कुंकू पुसलं नाय. तिच्या डोळ्यासमोर त्याची मेंढी व्यायची, मग माणूस मेला कसा? ती मरेपर्यंत टोक छाटत राहिली. तिच्यामागं आईनं छाटलं.

बाप मात्र पेन्शनीवर परत आला. ट्रंक अंगणात ठेवली आणि आमच्याकडं न येता सरळ कळपात शिरला. एकेक कान चाचपत फिरत होता. मला लई राग आला तवा. आम्ही पोरं दारात उभी, आणि हा मेंढरांच्या गळ्यात पडतोय! आता वाटतं, आम्ही त्याला दोन सुट्ट्यांपुरते ओळखत होतो. घरात त्याचं म्हणून तेवढंच होतं.

बाप वारला, सोपान सरहद्दीवर, आणि डोंगराला वनखात्याचं तारेचं कुंपण पडलं. आत झाडं लावली म्हणे. मेंढरं तारेशी उभी राहून पलीकडचं गवत बघायची. दोन उन्हाळे काढले, मग सोपानचाच फोन आला. "इकून टाक दादा. आईला घेऊन शहरात जा."

टेम्पो भरला, आईला पुढं बसवलं आणि शहरातल्या छावणीच्या बाजारात आणला. एका अंगाला पलटणीच्या बराकी, दुसऱ्या अंगाला जनावरांचा बाजार. चार पिढ्यांच्या फौजींची मेंढरं मी त्या बिगुलाच्या आवाजात उभी केली. बकरी ईद तोंडावर होती, भाव चांगला होता. हमीदभाई नावाचे व्यापारी आले, पाठी चाचपल्या, खूश झाले. मग कान बघितले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अरे भाई, ये कान कायको कतरे? कुर्बानी में नै चलता ऐसा जानवर. बेऐब होना पडता."

बापाच्या, पणज्याच्या खुणेची कशीबशी चालली. आजोबाची टोकं छाटलेली सगळी खाटकाकडं गेली. आईनं तोंड फिरवलं. सोपानच्या अर्ध्या कानाचीही तीच गत झाली. फक्त ती पहिली, आईनं हळद लावलेली, तेवढी उरली. कुर्बानीला कान नडला, आणि हाडं वर आलेली म्हणून तिला खाटीकही घेईना. "कान कापल्याचं कायतरी बरं झालं," आई म्हणाली आणि तिची दोरी स्वतःच्या हाताला गुंडाळली.

हमीदभाई भला माणूस. त्यांनीच मला कामाला ठेवलं. बाजारात आलेल्या मालाचे दात, पाय, कान बघायचे आणि ऐब, म्हणजे व्यंग, असलेलं जनावर बाजूला काढायचं. व्हय, हेच माझं काम हाय आता. दिवसभर लोकांच्या मेंढरांचे कान बघतो.

छावणीच्या मागं खोली घेतली. मेंढी मोरीशेजारी बांधायची. घरमालकीण कुरकुरायची, पण आईच्या तोंडाला लागत नव्हती. मंडईतला कोबीचा पाला आणायचा, तो खाऊन मेंढी शिंकायची. डोंगराचं जनावर, त्याला फरशीवर पाय ठरत नव्हते.

सोपानची चार वर्षांची भरती होती. काहींना पुढं ठेवतात. याला नाय ठेवलं. खोलीत आला, ट्रंक ठेवली, आणि बापासारखाच आधी मोरीकडं गेला. मेंढीचा अर्धा कान मुठीत धरून लई वेळ बसला. म्हणाला, "दादा, एकच?" इकून टाक म्हणून तूच सांगितलं होतंस, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी चहा टाकला.

मग तो चितेगावला एका कंपनीच्या गेटवर गार्ड लागला. पुन्हा वर्दी, तीही कंत्राटदाराची. सरहद्दीवर ताठ उभा राहिलेला गडी, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात बांबू वर-खाली करायचा. घरी आला की मेंढीला पाणी पाजायचा, तेवढंच.

उन्हाळ्यात मेंढी फुगली. दोन दिवस धापा टाकून मेली. तिच्या पोटात कॅरीबॅगा होत्या. पुरायला मूठभर माती नव्हती आपली. महापालिकेची गाडी घेऊन गेली. आई रडली नाय, तेच मला खटकलं.

महिन्याभरात सोपाननं दुबईचं ठरवलं. तिथंही गार्डच. जायच्या सकाळी मी बाजारात होतो, पोटासाठी सुट्टी परवडत नाय. बघतो तर आई! पायात चप्पल नाय, हातात ती जुनी कातर, पदराला हळदीची पुडी. ती थेट हमीदभाईंच्या मालात शिरली आणि एका तरण्या मेंढीचा कान धरला.

मी पळत गेलो. "आई, ही आपली नाय."

"एकीला खूण करू दे. तो निघायलाय."

"अगं, कान कापला तर ती विकायची नाय कुणाला!"

तिनं कान आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "नाय विकली तर राहील ना रे इथं."

हमीदभाई लांबून बघत होते. मीच तिच्या मुठीतून एकेक बोट सोडवून कातर काढून घेतली. मेंढी सुटून मालात मिसळली. आईनं पुडी सोडली, कोरड्या हळदीत बोट बुडवलं आणि घराकडं निघाली. सोपानच्या कपाळाला लावायला.

तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठं तुमचं. छावणीच्या मागं, मोरीच्या शेजारी, पत्ता देतो, या कधीपण. पण जिथं आपली वाट बघणारं जनावर दावणीला असतं ते घर, असं आमच्यात होतं. सोपानचे फोन येतात. आई "जेवला का?" एवढंच विचारते. कधी येणार, हे ती आता विचारत नाय.