शेपूटआबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

शेपूटआबांच्या तोंडी मी एक वाक्य घातलं, ते त्यांचं नव्हतं. चूक एवढीच, पण ती छापून आली.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत आबा सगळ्यांची गुरं राखत. कळपाच्या पुढे ते कधी दिसले नाहीत, कायम मागे. म्हणून पोरांनी हे नाव पाडलं, आणि आबांनी ते बिनतक्रार घेतलं. घंटाही ते दांडग्या बैलाला बांधत नसत. जे जनावर लंगडतं, जे थकलेलं, घंटा त्याच्या गळ्यात.

"दांडगा कुठं हाय ते ऐकून काय करू? मागं पडतो त्याचा आवाज पायजे."

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचो आणि सुट्टीला डोंगर चढायचो. एकदा धुक्यात वाट चुकलो, पाय मुरगळला, आणि कळप घेऊन उतरणाऱ्या आबांच्या हाती लागलो. त्यांनी माझा पाय दाबून पाहिला, म्हाताऱ्या म्हशीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि माझ्या हातात दिली.

"वाजवत ये, कंपनीवाल्या. खाली बसलास तर कळंल मला."

अख्खा कळप त्या दिवशी माझ्या चालीनं उतरला. एका बैलानं घाई केली तर आबा त्याला म्हणाले, "तुला काय गाडी पकडायचीय?"

पुढे मी कादंबरी लिहिली. रान, वादळ, बिबट्या, आणि त्यात एकटा तग धरणारा तरुण नायक. बळकट तोच जगतो, हे तिचं सूत्र. मला ते फार मर्दानी वाटायचं. नायकाचा वाटाड्या म्हणून मी आबांना घेतलं. नावसुद्धा बदललं नाही. वादळात ते लंगडी पाडी बिबट्यापुढे सोडून देतात आणि म्हणतात, "दुबळ्यासाठी थांबला तो मेला." वाचकांनी नेमकं तेच वाक्य उचलून धरलं.

शिमग्याला मुंबईहून आलेल्या आबांच्या पुतण्यानं ते पुस्तक अंगणात मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी सगळे हसले. मग वाडीतल्या गोदाकाकू म्हणाल्या, "आबा, माझी पाडी यंदा मीच चरायला नेते हो." त्यांची पाडी पायानं अधू होती. पाठोपाठ आणखी काही घरांनी आपली अशक्त गुरं घरीच ठेवली. आबांकडे धडधाकट तेवढी उरली.

पुतण्यानं हे मला फोनवर सांगितलं. कादंबरी म्हणजे कल्पना, असं स्वतःला समजावत मी एक पावसाळा घालवला. मग एक दिवस पाळी बदलून घेतली आणि वर गेलो. आता मागे फिरायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

आबा दारातच होते. "आलास? पाय बरा हाय ना?"

पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढतो, असं मी म्हणालो.

"आवृत्ती इथं कोण वाचतो? सगळ्यांनी कानानं ऐकलंय. कानातनंच काढायला लागंल." मग म्हणाले, "पुस्तकात मला मारला असतास तरी चाललं असतं. पाडी का सोडायला लावलीस रे?"

आबांनी झऱ्याकडे हात केला. तिथे बायका पाणी भरत होत्या.

आम्ही गेलो. मी हंड्याकळशांमध्ये उभा राहून म्हणालो, "ते पुस्तक माझं. आबांनी पाडी सोडली नव्हती. ते खोटं आहे."

गोदाकाकूंनी कळशी खाली ठेवली. "मग लिहिलंस कशाला?"

"खरं लिहिलं असतं तर आबा कोणासाठी थांबले ते लिहावं लागलं असतं," मी म्हणालो. "त्या दिवशी लंगडत मागे पडलो होतो तो मी. पुस्तकात मला धडधाकट दिसायचं होतं, म्हणून आबांना निर्दय केलं. आबा, मला माफ करा. काकू, तुम्हीपण. पाडी उद्या त्यांच्याबरोबर पाठवा."