तुळशीरामचं बसकं गाणं

देऊळघाटात तुळशीरामचं नाव निघालं की लोक अजून हसतात. हसणाऱ्यांना काय लागतं? दात दाखवले की झालं. पण याच लोकांनी चावडीपुढे बसून, याच तुळशीरामच्या याच गाण्याला डोळे पुसले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. विचारलं तर कानावर हात ठेवतात. "आमाले नाई आठवत बाप्पा," म्हणतात.

तुळशीराम माळ्याचा. पैनगंगेच्या अंगाला तुकडाभर मळा, विहिरीवर मोट, वांगी, मेथी, मुळे असा भाजीपाला. घरात बायको सोजराबाई आणि एकुलती एक लेक कोकिळा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले, पण तुळशीरामचा कारभार बुलढाण्याच्या बाजारापलीकडे कधी गेला नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे गाडी जुंपायची, भाजी विकायची, दिवस कलताना परत यायचं. आयुष्य असंच सरळ निघून गेलं असतं. एका वर्षी देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत त्याला बुलबुल दिसला आणि सगळं बिनसलं.

बुलबुल म्हणजे बुलबुल तरंग. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर बटणांची रांग. डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या चपट्या तुकड्यानं तारा छेडायच्या. विकणारा मांडी घालून वाजवत होता आणि तुळशीराम त्याच्यापुढून हलायला तयार नव्हता. सोजराबाईनं बाही ओढली, कोकिळेनं बोट ओढलं. शेवटी पेटी काखोटीला मारूनच स्वारी उठली.

"भाजी पिकवाची का आता ताराच खाजवाच्या?" सोजराबाई गाडीत बसेस्तोवर बोलत होती. तुळशीरामला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

वाजवायचं काय, हा प्रश्न बाजारानं सोडवला. बुलढाण्यात तुळशीरामची बसायची जागा रंगरावच्या हाटेलामागच्या भिंतीला लागून होती. सावली होती म्हणून त्यानं ती धरलेली. रंगरावनं हाटेलात फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, आणला होता आणि त्या वर्षी एकच तबकडी लावून लावून झिजवली. कुठल्याशा बोलपटातलं गाणं. नवरा परमुलखात गेलाय, बाई झोक्यावर बसून त्याची वाट बघतेय. शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. हाटेलात जाऊन ऐकावं तर भाजीपाशी बसायला दुसरं माणूस नाही, म्हणून तुळशीराम भिंतीला कान लावून ऐके. फोनोला चावी देतात एवढं त्याला ऐकून माहीत होतं. पण यंत्र त्यानं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहिली दोन कडवी बाई खणखणीत म्हणे. तिसऱ्याला तिचा आवाज जड व्हायचा, हळूहळू खाली उतरायचा, शब्द लांबत जायचे, आणि शेवटची ओळ घोगऱ्या गळ्यानं कशीबशी यायची. तुळशीरामच्या अंगावर काटा येई. त्याला वाटे, वाट बघून बघून बाईचं मन बसलं, म्हणून आवाजही बसत गेला. अख्ख्या गाण्यात त्याला सगळ्यांत आवडलं ते हेच.

मग त्यानं ते गाणं शिकायचा ध्यास घेतला. बाजारात एक ओळ पक्की ऐकायची आणि देऊळघाट येईपर्यंत मनातल्या मनात घोळत आणायची. वाटेत कोणी रामराम घातला तर हा नुसती मान हलवी. तोंड उघडलं तर चाल सांडेल, अशी त्याला भीती. लोक म्हणत, माळ्याला लय माज आला. घरी पोचला की बैल सोडायच्या आधी बुलबुल घेई. कधी चाल शाबूत असे, कधी अर्धी वाटेतच सांडलेली असे, मग पुढच्या बाजारापर्यंत तोंड पाडून बसायचं. तिसऱ्या कडव्यानं तर त्याचा जीवच काढला. बटणं ठरलेल्या जागी, सूर ठरलेले, मग आवाज बसवायचा कसा? शेवटी त्यानं युक्ती काढली. दर तुकड्याला एक बटण खाली सरकायचं, हात सैल सोडायचा, आणि शेवटच्या ओळीला तार अशी हलकी छेडायची की सूर निघता निघता मरावा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी बसून ते त्यानं एकट्यानं शोधलं.

चावडीपुढे त्यानं ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा सगळं गाव जमलं होतं. तिसरं कडवं उतरू लागलं तशा बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. पंजाबराव पाटील, ज्यांच्यापुढे गावात कोणी मोठ्यानं खोकत नसे, त्यांचेही डोळे भरले. "तुळशीराम, लेका, काळीज कापलं बे तुनं," ते म्हणाले आणि त्याला जवळ, स्वतःच्या सतरंजीवर बसवून घेतलं. त्या दिवसापासून गावात लग्न असो की बारसं, तुळशीरामला बोलावणं येऊ लागलं. तो धुतलेलं धोतर नेसून जाई. भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसाला कधी नव्हे ते कोणीतरी बसा म्हणत होतं. तो आतून फुलून गेला होता, आणि का फुलू नये?

एक-दोन वर्षांनी बुलढाण्याला तंबूतला सिनेमा आला, आणि नेमका त्याच गाण्याचा बोलपट घेऊन आला. पाटलांनी गाड्या जुंपल्या. "आपल्या तुळशीरामचं गाणं हाय!" म्हणून अर्धा गाव निघाला. तुळशीरामला तंबूत पाटलांच्या शेजारी जागा मिळाली.

झोका आला, बाई आली, गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गावकऱ्यांनी एकमेकांना कोपरं मारली, आता बघा म्हणून. आणि तिसरं कडवं खाली उतरण्याऐवजी वर चढायला लागलं. बाई हसत होती. नवरा गाडीतून उतरून फाटकाशी उभा होता. आवाज चढत चढत गेला आणि टिपेला जाऊन गाणं संपलं.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पाटलांनी मान वळवून तुळशीरामकडे पाहिलं.

"हे काय बे?"

"पाटील, हे दुसरं गाणं असन," तुळशीराम म्हणाला. त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं.

पुढच्या बाजाराला तो भाजी तशीच टाकून रंगरावच्या हाटेलात शिरला. रंगराव तबकडी लावायच्या बेतात होता. त्यानं चावी थोडीशी फिरवली आणि हात काढून घेतला.

"पुरी काऊन नाई भरत?" तुळशीरामनं विचारलं.

"पुरी भरली तं आतली इस्प्रिंग तुटते ना! मंग नवी काय तू आणून देशीन? मी अर्धीच भरतो. शेवटाले तबकडी हळू फिरते, आवाज बसते जरासा. गिऱ्हाईकाले काय समजते!"

तुळशीराम खांबाला टेकून उभा राहिला. तिसरं कडवं आलं, आवाज जड झाला, उतरला, घोगरा झाला. बाईचं मनबिन काही बसलं नव्हतं. एका चिकट हाटेलवाल्याची चावी संपत होती. ज्यासाठी त्यानं बोटं झिजवली, ते गाणंच नव्हतं. त्याचा चेहरा बघून रंगरावनं खोदून खोदून विचारलं, सगळं काढून घेतलं, आणि गल्ल्यावर हात आपटून हसला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला ही गोष्ट पाठ झाली आणि तुळशीरामच्या आधी देऊळघाटला पोचली.

दुसरा कोणी असता तर बुलबुल विहिरीत टाकून मोकळा झाला असता. तुळशीराम हट्टी. त्यानं रंगरावला निवडक वांग्यांची पाटी नेऊन दिली आणि बदल्यात पुरी चावी मागितली. वांगी पाहून रंगरावची इस्प्रिंग तुटायची थांबली. अशा किती पाट्या गेल्या कोण जाणे, पण तुळशीरामनं तिसरं कडवं नव्यानं उचललं. चाल यायला वेळ लागला नाही, बोटांनी मात्र छळलं. तिथं आलं की ती आपोआप खाली घसरत. तो त्यांना शिव्या देई आणि पुन्हा सुरू करी. एके दिवशी ती वर चढली आणि चढलेली राहिली.

पण आता ते ऐकायचं कोणाला होतं! पुढच्या लग्नात तो तिसऱ्या कडव्याशी आला तसा मांडवातून आवाज आला, "चावी भर बे!" सगळे हसले. त्यानं नेटानं पुढे वाजवलं, तर पाटील स्वतः म्हणाले, "हे सरळ कोणाले पाह्यजे? थे बसकं वाजव." आणि हवेत चावी फिरवून दाखवली. पाटलांचं दुखणं वेगळंच होतं. चारचौघांत आपण रडलो, आणि तेही एका अर्धवट चावीसाठी, हे त्यांना पचत नव्हतं. तुळशीरामला हसून घेतलं की ते रडणं जणू पुसलं जाई. गावानंही तेच केलं. चूक एकाची, लाज सगळ्यांची, आणि ती धुवायला सापडला हा गरीब माणूस.

काही दिवस तुळशीराम कुठं वाजवायला गेलाच नाही. मग बोलावणीही कमी झाली. पंगतीत त्याला पुन्हा कडेला बसवू लागले. एकदा मानाची चव चाखलेल्या माणसाला ते सोसेना. पुढच्या बोलावण्याला तो गेला, बसकं वाजवलं, लोक पोट धरून हसले, आणि पाटलांनी त्याला सतरंजीवर बोलावलं. तेव्हापासून तेच सुरू झालं. तो तोंडही वेडंवाकडं करायला शिकला.

सरळ गाणं तो फक्त मळ्यात वाजवी. ऐकायला सोजराबाई आणि कोकिळा. सोजराबाई गाणं ऐकता ऐकता मेथीच्या जुड्या बांधी. कोकिळेला मात्र सूर न् सूर पाठ. तिसरं कडवं चढलं की ती हळू आवाजात बापाबरोबर गाई. तुळशीरामच्या मनात आता एकच इच्छा उरली होती. भरल्या मांडवात एकदा, फक्त एकदा, हे गाणं पुरं आणि सरळ वाजावं, आणि कोणी हसू नये.

कोकिळेचं लग्न ठरलं चिखलीला. सासरे शेषराव, धान्याची अडत असलेले वजनदार गृहस्थ. सोयरीक तुळशीरामच्या ऐपतीपेक्षा वरची होती. हळदीच्या दिवशी कोकिळा पिवळ्या अंगानं बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, माह्या लग्नात पुरं वाजवा. सरळ."

"हाव माय," तो म्हणाला. "तुह्या लग्नात नाई तं मंग कवा?"

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पान-सुपारी फिरू लागली. तुळशीरामनं बुलबुल मांडीवर घेतला. चिखलीच्या माणसांना त्याची गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून ती सरळ मनानं ऐकायला बसली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. एका विहिणीनं तोंडाशी नेलेला विडा हातातच धरून ठेवला. तिसरं कडवं चढू लागलं, आणि मांडवात कोणी हसत नव्हतं. आता दोनच ओळी राहिल्या होत्या.

पंजाबराव पाटील शेषरावांच्या कानाशी वाकले आणि त्यांनी हवेत चावी फिरवली.

"थांबा, थांबा व्याही," शेषरावांनी हात वर केला. "हे तं आमी चिखलीले रोज ऐकतो. पाटील सांगून राह्यले, तुमचं एक बसकं गाणं हाय म्हंते. थे होऊ द्या."

तुळशीरामचा हात थांबला. "थे काई गाणं नोहे, व्याही. एवढं पुरं होऊ द्या. दोनच ओळी हायेत."

शेषरावांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्यांच्या भावानं मोठ्यानं सुपारी कातरली. मुलीच्या बापानं वरबापाचा शब्द मांडवात खाली पडू द्यायचा नसतो. तेवढ्या एका शब्दावरून वऱ्हाड न जेवता माघारी गेलेलं तिथल्या प्रत्येकानं पाहिलं होतं. इथं जेवणं झाली होती, पण पोरीची पाठवणी व्हायची होती. दारातून सोजराबाईनं हात जोडले, ते व्याह्यांना नव्हे, नवऱ्याला.

तुळशीरामनं तिसरं कडवं पहिल्यापासून घेतलं आणि बोटं खाली सोडली. तुकड्यागणिक सूर उतरू लागला. चिखलीच्या लोकांना अजून हसावं की नाही ते कळत नव्हतं. त्यानं मान वर करून कोकिळेकडे पाहिलं. ती मुंडावळ्या बांधून सासरच्या माणसांत, नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसली होती.

सगळ्यांत आधी कोकिळा हसली.

खाली मान घालून नाही, चांगली मोठ्यानं. लोक हसायच्या आत आपण हसलं तर बापाचं हसं न होता ती ठरवून केलेली गंमत ठरेल, असं तिला वाटलं असेल. नाहीतर सासरी पहिल्याच दिवशी रडतोंडी दिसू नये म्हणून हसली असेल. तिनं कधी सांगितलं नाही आणि तुळशीरामनं विचारलं नाही. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तोही हसला, मग शेषराव हसले, मग सगळा मांडव. तुळशीराम तिच्यावर चिडला नाही. त्याला एवढंच कळलं की सरळ गाणं ऐकणारं आता घरात कोणी राहिलं नाही.

"वा व्याही, वा! आणखी एक डाव होऊ द्या," शेषराव खूश होऊन म्हणाले.

त्यानं पुन्हा वाजवलं. या वेळी आणखी खाली उतरवलं, आणि तोंडही वाकडं केलं.